कॅरिसाचा लेप

—तिलाच भेटायचंय ना, मग बसा मॅडम, आत सरांच्या केबिनमध्ये आहे ती. मी प्रफुल्ल. अकरा वर्षं या परळच्या लॅबमध्ये काढली, पण पेपरात फोटो येणार कॅरिसाचा, माहितीये मला. खोताच्या वाडीतली पोर, दोन वर्षं झाली येऊन—हुशार आहे, मी कुठे नाही म्हणतोय—पण आता सर चहासुद्धा तिला विचारून मागवतात. काम काय? सोपं आहे. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण, केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक. ते कॅन्सरच्या गाठीत टोचायचे, बाहेरून चुंबकाची दिशा सेकंदाला लाखो वेळा उलटवायची—कण तापतात, गाठ मरते, बाकी अंग शाबूत. फक्त कणांचा गोळा होता कामा नये, म्हणून त्यांना साखरेच्या जातीचा लेप द्यायचा. त्या लेपापायी मी चार वर्षं घासली, आणि जमला कोणाला? हिला. सहा महिन्यांत. जळतोय असं वाटतंय ना तुम्हाला? जळतो. खोटं कशाला बोलू.

पण बातमीची घाई नका करू हां. कालची बॅच गेली. आज उंदरांवरच्या चाचणीला जायची होती, सकाळी बघतो तर तळाला काळा गाळ. तिला वाटतंय आपला लेपच कच्चा—रडून डोळे सुजलेत, आत सरांना सांगतेय, माझं नाव काढा, प्रोजेक्ट प्रफुल्लदादांना द्या. दादा म्हणते मला. नाताळात डबा भरून कलकल आणते, तो त्यांचा गोड फराळ. आणि लेप कच्चा? छे, पक्का आहे हो, माझ्याइतकं कोणाला कळणार ते. हे द्रावण वरून मोटरच्या पात्यानेच ढवळायचं असतं, एवढंच. बाकी लॅबमध्ये वापरतात ती चुंबकाची कांडी यात सोडली की सगळे कण तिलाच जाऊन चिकटतात, संपला खेळ—दोन तास पुरतात, काल ती सेमिनारला गेली तेवढ्यात कांडी फिरवून, धुऊन परत ड्रॉवरमध्ये—

काय लिहिताय? नाही, म्हणजे असं होऊ शकतं, असं म्हणतोय मी. कोणीही केलं असेल. ते खोडा बघू. मॅडम, पेन ठेवा ना खाली.

ये गं कॅरिसा. या मॅडम तुझ्यासाठीच थांबल्यात. मी… मी नुसता बसलो होतो यांच्यापाशी.