खालाचा कुडता

चंदा : आजी, हा पांढरा कुडता दोरीवर कुणी टाकला?

सुभद्रा : मी. तुझ्या मायच्या हातानं इतकं पांढरं निघते काय?

चंदा : आणि यावरचं निळं? निळं कुठं गेलं?

सुभद्रा : गेलं. सोड्यात उकळलं, दोन हात मारले, एका धुण्यात साफ! एशियाडच्या वेळी तुझ्या बापानं टीव्ही घेतला, त्यात तरी असं पांढरं दिसते काय?

चंदा : अरे यार, आजी!

सुभद्रा : यार तुझ्या मैत्रिणीले म्हण. काहून तोंड पडलं?

चंदा : ते डाग नव्हते. छपाई होती. लाकडाचा ठप्पा निळ्यात बुडवून कापडावर वेल उमटवतात, मग त्या रेघांवरून सुई चालवायची. इथलं चिकनचं भरतकाम असंच होतं. सगळं भरून झालं की मग धुतात.

सुभद्रा : म्हणजे धुवायचंच होतं ना?

चंदा : शेवटी! सबसे लास्ट में! बघ ना, गळ्याची डावी बाजू भरून झाली होती. उजवी आता कोरी करकरीत. कुठं टाका घालू?

सुभद्रा : थांब. तो रंग एका धुण्यात जातेच काय?

चंदा : वो जाने के लिए ही होता है.

सुभद्रा : म्हणजे माझ्या हाताचं त्यात काही नाही?

चंदा : काही नाही.

सुभद्रा : हे मात्र वाईट झालं.

चंदा : धुताना मला एकदा विचारायचं तरी!

सुभद्रा : पांढऱ्यावरचा डाग म्हणजे माझ्या डोळ्यात खडा. छप्पनच्या धम्मदीक्षेले तिकडं कामठीहून सारी वस्ती पांढरं नेसून पायी गेली. येतानाही माझ्या लुगड्यावर एक शिंतोडा नव्हता. तेव्हापासून कोणाले विचारून डाग काढले नाहीत मी. आन् तुमच्या शाळेचं ते सुपडं कशाले पाहिजे? दहावीची पोरं दर शनिवारी चौक मोहल्ल्यात पाठवतात! शिकवायचं मास्तरनं, शिकवते ती चिकनवाली मावशी, तुमची खाला!

चंदा : सुपडं नाही, एसयूपीडब्ल्यू. मुलांनी लोकांमध्ये जाऊन काम शिकायचं. वीस तास भरायचे, वहीवर खालाची सही आणायची. ग्रेड मिळतो.

सुभद्रा : मग दुसरं कापड माग. चिंध्यांचा दुष्काळ आहे काय तिच्याकडं?

चंदा : चिंध्या बाकीच्या पाच जणींना दिल्या. मला एकटीला खरा कुडता दिला, ग्राहकाचा. म्हणाली, आपका हाथ ठहरा हुआ है, एकदम स्थिर. आता ती मला परत बसू देणार नाही. और मुझे वहाँ बैठना है, आजी. ग्रेड के लिए नहीं. मला आवडतं ते.

सुभद्रा : हात थिर आहे म्हणाली?

चंदा : हो.

सुभद्रा : आन् तो कोणाकडून आला, हे नाही विचारलं?

चंदा : आजी!

सुभद्रा : उद्या मी येते तुझ्यासंगं. धुतलं मी, सांगणारही मीच.

चंदा : तू? तुझी हिंदी... ऐक, तिथं कुणालाही 'तू' नाही म्हणायचं. सगळ्यांना आप.

सुभद्रा : बकरीलेही?

चंदा : खाला तर बकरीलाही म्हणते. आणि प्लीज, सॉरी म्हण हं.

सुभद्रा : चाळीस वर्षं संसार केला, तुझ्या आजोबाले नाही म्हटलं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, चौकातल्या गल्लीत, नफीसा खालाच्या घरी.)

नफीसा खाला : आइए, तशरीफ रखिए. चंदा बेटी, ये आपकी...?

चंदा : दादी हैं, खाला.

सुभद्रा : ए बाई, तू... आप. आपका कुडता हमने धोया. पोरीचा कसूर नाही. डाग समझा हमने.

नफीसा खाला : या अल्लाह! पूरा धो दिया?

सुभद्रा : पूरा. आधा काम अपुन नहीं करता.

नफीसा खाला : वो तो दिख रहा है. ऐसी धुलाई तो हमारे धोबी से भी न हो.

सुभद्रा : ऐकलं, चंदे?

चंदा : आजी, सॉरी म्हण ना.

सुभद्रा : आधी धोब्याचं पुरतं ऐकू दे.

चंदा : खाला, ठप्पा दोबारा लग जाएगा ना?

नफीसा खाला : कपड़ा सिकुड़ गया, बेटी. आधी बेल कढ़ी हुई है, ठप्पा अब उससे मिलेगा नहीं. और गाहक परसों आ रहे हैं. क्या कहूँ उनसे?

सुभद्रा : सुई दे.

चंदा : आजी, तू नको. आणखी बिघडेल.

सुभद्रा : सुई दीजिए. झालं? चंदे, पिशवीतला माझा चष्मा दे. गोधडी शिवताना कोणता ठप्पा असते गं? डावीकडं जे आहे, तेच उजवीकडं. हे बघ, चार बोटं फूल, मग दोन बोटं देठ, मग पान. इकडंही चार, दोन, पान. बोटं काही सोड्यात आटली नाहीत माझी.

नफीसा खाला : अरे, ये तो टेपची का टाँका है! आपने कहाँ सीखा?

सुभद्रा : सीखा नहीं. गोधडीचा धावदोरा है. थंडी थी. पाच पोरं थे.

नफीसा खाला : जरा उलटी तरफ दिखाइए. गाँठ कहाँ छुपाई?

सुभद्रा : गाठ लागली तर गोधडी कशाची? सोनेवाले को टोचती है.

नफीसा खाला : चंदा, अब समझी, आपका हाथ कहाँ से आया.

सुभद्रा : पुन्हा बोला. पोरगी नीट ऐकत नाही.

चंदा : ऐकलं, आजी. ऐकलं.

सुभद्रा : मग उभी काय? बस इथं. देठ-पानं मी ओढते. पण फुलातला हा तांदळासारखा दाणा कसा काढते?

चंदा : ती मुर्री. सुईला दोरा गुंडाळायचा... इतका घट्ट नाही. अंगठा ठेव वरून. हां, आता ओढ. हळू!

सुभद्रा : ओरडू नको मास्तरणीवाणी. निघाला की नाही?

चंदा : वाकडा आहे.

सुभद्रा : उसव. पुन्हा दाखव.

नफीसा खाला : चाय ठंडी हो गई आप दोनों की. दूसरी बनवाती हूँ.

सुभद्रा : हे एवढं पान होऊ दे. हां. घ्या. दोन्ही बाजू जोडून बघा.

नफीसा खाला : सुबहानअल्लाह. गाहक तो क्या, मैं खुद न पहचानूँ.

सुभद्रा : आता ऐका. गलती हमारी थी. माफ करना.

चंदा : आजी! आल्या आल्या म्हणाली असतीस तर?

सुभद्रा : रिकाम्या हातानं माफी मागत नसतात, पोरी.

नफीसा खाला : माफी एक शर्त पर. अगले शनीचर आप भी आइए. लाइए बेटी, आपकी कॉपी पर दस्तखत कर दूँ. और दादी के घंटे भी लिखिए.

चंदा : ये तो स्कूल की है, खाला. इसमें सिर्फ बच्चों का...

सुभद्रा : लिही म्हणते ना ती! मोठ्या माणसाचं ऐकावं.

चंदा : बरं. नाव, सुभद्रा. तास, तीन. आणि इथं इयत्ता विचारली आहे. रिकामं सोडू?

सुभद्रा : काहून? दुसरी लिही.

चंदा : दुसरी...

सुभद्रा : पास. त्याच्यापुढं पास लिही.