आबांच्या नावाचा टोप

भंगाराची टंचाई काय असते ते आम्हा चाकणच्या भट्टीवाल्यांना विचारा राव. जुन्या इंजिनांचं अ‍ॅल्युमिनियम मिळेना, म्हणून व्यापाऱ्याने ट्रक भरून भांडीच पाठवली. ती वितळवून गाड्यांच्या इंजिनांचे पार्ट ओतायचे होते. माल न्यायला टेम्पो गेटवर उभा, आणि भट्टीवरचा आमचा तुकाराम एक भलामोठा टोप कवटाळून बसलेला. टोपावर नाव घातलेलं: ‘कै. आबाजीबुवा यांचे स्मरणार्थ, देवस्थानास भेट.’

“माझे आजोबा हायेत साहेब,” तो म्हणाला. “एकदा अग्नी दिलाय. परत देता येत न्हाई.”

साहेब वैतागले. “अरे, यात सगळ्यांचेच आजोबा असतील.”

हे ऐकल्यावर बाकीचे कामगारही भांडी फिरवून नावं वाचायला लागले. भट्टी नुसतीच पेटलेली.

शेवटी साहेबांनी तुकारामच्या चुलत्यांना दिघीहून बोलावून घेतलं. ते बसने आले, टोपाला हात जोडले आणि म्हणाले, “आबांना गाडीची लई हौस व्हती. इंजिनात जाणार असतील तर खुशाल टाका. पण गाडी कुठली?”

साहेब खरं बोलून गेले. “रिक्षा.”

“आबा पायी गेले, पण रिक्षात कधी बसले न्हाईत,” म्हणत चुलत्यांनी टोप डोक्यावर घेतला आणि थेट स्टॉपवर जाऊन उभे राहिले.

टोप बघून एकही बसवाला त्यांना घेईना. संध्याकाळी आबा रिक्षानेच दिघीला गेले.