चांदणीच्या चिठ्ठ्या

अध्यक्षमहाराज, वाचनालयातली मंडळी आणि आमच्या चाळीतल्या बायांनो,

कीर्तनातसुद्धा मागे बसणारी बाई मी. सभेत बोलायची सवय नाही. या शोकसभेत उठले ती आत्ताच हेडमास्तर बोलले त्यामुळे. माझ्या धाकट्या दिरांच्या, म्हणजे आपल्या नानामास्तरांच्या चिठ्ठ्या पोलिसांनी नेल्या, त्या परत मागायला वाचनालयातर्फे अर्ज करू, असं ते म्हणाले.

तो अर्ज करू नका.

भाऊजी अकरा वर्षं एका भाषेच्या मागे होते. संस्कृत, फारशी, ग्रीक, इंग्रजी, या सगळ्या बहिणींची ती आई. तिचा एक कागद उरलेला नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून आईचा चेहरा काढायचा, असं ते काम. मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून द्यायचे. त्यावर ते शब्द लिहायचे, आधी एक चांदणी. ही कशाला, मी विचारलं. म्हणाले, "वहिनी, हा उच्चार कुणी ऐकलेला नाही. मी अंदाजाने मांडलाय. ते कबूल करायची ही खूण."

एकदा म्हणाले, "तुमचा सून हा शब्द त्या आईच्या घरातला बरं का."

म्हटलं, "इतकी जुनी सून, आणि अजून चहा तिनेच टाकायचा?"

फार हसले. चहा मात्र मीच टाकला.

संचारबंदीचा तो दिवस तुम्हाला आठवतो. भाऊजी शाळेत अडकलेले. गॅलरीत बातमी आली, पोलीस खोल्या तपासतायत, पत्रकं सापडली की माणूस उचलतात. मी भाऊजींचे चिठ्ठ्यांचे डबे उघडले. सगळीकडे चांदण्या, आकडे, डोक्यावर रेघा दिलेली इंग्रजी अक्षरं. कोणता शिपाई याला व्याकरण म्हणेल? मी मूठमूठ करून सगळं आंघोळीच्या पाण्याच्या पेटत्या बंबात घातलं.

पोलीस आमचा जिना चढलेच नाहीत.

संध्याकाळी भाऊजी आले. आंघोळ करून म्हणाले, "वहिनी, आज पाणी छान कढत होतं." मग डबे बघितले. मी म्हणाले, पोलीस घेऊन गेले.

रिकाम्या डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाले, "असू दे. लोकांची माणसं गेली." पण दर शनिवारी शाळा सुटली की चौकीत जाऊन बाकावर बसायचे. नाहीत म्हणून सांगितलं की घरी येऊन म्हणायचे, "खोटं बोलतात."

खोटं चौकीत नव्हतं. ते घरात होतं, त्यांच्या पानात भात वाढत होतं. दत्तापुढे रोज कबूल केलं. देवाला सांगणं सोपं. भाऊजींना सांगितलं नाही. आजारपणातही नाही. त्यांनी न ऐकलेलं कबूल केलं. मी केलेलं कबूल केलं नाही.

ते सांगायचे, त्या भाषेतले काही ध्वनी पुढे बहुतेक लेकींच्या तोंडून गेले. पण जाताना शेजारचा स्वर लांबवून गेले. त्या लांबीवरून कळतं, इथे कुणी होतं.

मी पुन्हा पत्रिका कापून आणल्यात. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्याला जे आठवेल ते लिहा. नक्की नसेल तर आधी चांदणी काढा. पहिल्या चिठ्ठीवर मी सून लिहिलंय. त्याचं आईच्या घरचं रूप त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मला आठवत नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मलाही काही बोलू नका. नंतर बोला.