किलोचं माप

हसू नका, पण बाणाच्या काडीलाबी माप असतं. काडी दोन खिळ्यांवर ठेवायची, मधोमध दोरीनं किलोचं वजन टांगायचं आन् किती वाकती ते बघायचं. जोरात धनुष्य ओढणाऱ्याला ताठ काडी लागती, हलकं ओढणाऱ्याला मऊ. न्हाईतर बाण तिरका जातो.

कवठ्याच्या बबनआप्पांचे बाण मीच करायचो. किराणा दुकानदार माणूस, पण सगळ्यांत ताठ काडी त्यांची. पुढं आजारपणात हात पार गळाले. तरी मला निरोप धाडला, "नवे बाण कर, उठलो की लागतील."

मी मऊ काड्या, खिळ्यांची फळी आन् वजनं घिऊन गेलो. आप्पा अंथरुणातनं म्हणाले, "माझ्यासमोर वजन लाव."

त्यांच्यासमोर काडी वाकलेली मला काय बघवंना. गुपचूप अर्ध्या किलोचं टांगलं. काडी जराशीच वाकली.

"बघा आप्पा, पयल्यावानीच ताठ हाय."

आप्पांनी हात लांब केला आन् ते वजन तळव्यावर तोललं.

"आरं, दुकानदारापुढं काटा मारतोस व्हय? किलोचं लाव."

लावलं. काडी चांगलीच खाली गेली. आप्पा तिच्याकडं बघत राहिले.

"हां," म्हणाले, "आता बरोबर."