वचनाप्रमाणे भावाच्या घरी

खरं सांगतो, माझा धाकटा भाऊ शमुवेल आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. त्याच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव त्याच्या मेव्हण्याच्या खाली छापलं होतं, एवढंच.

एका रविवारी अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी वचन वाचलं: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मला ते लागलं. मी अर्पणासाठी आणलेली संत्र्यांची टोपली तिथंच ठेवली आणि शमुवेलकडे जायला अकोल्याची एसटी धरली.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. "दादा, तुमी इथं? हे तर तुमच्याकडे गेले! आमच्या चर्चमधीबी आज तेच वचन होतं."

दोन्ही पाळक एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून उपदेश घेतात, हे मला काय माहीत!

मी फोन लावला. "शमू, मी तुही माफी मागाले आलो."

"मीबी त्याच्याचसाठी तुह्या घरी बसून राहिलो. दादा, तू वापस ये."

"मी कावून येऊ? पहिले मी निघालो."

"नाही, मी निघालो. तिकीट पाय!"

त्यानं तिकीट पाठवलं. माझ्यापेक्षा दहा मिनिटं आधीचं होतं.

मी म्हटलं, "तुमच्या पाळकानं वचनच आधी वाचलं, त्यात तुह्यं काय मोठेपण?"

त्यानं फोन कापला. तेव्हापासून आमचा अबोला त्या दहा मिनिटांवरून आहे.