पट्टे बांधण्यापूर्वीची पायांची स्थिती

माझे नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत घेतले आहे. कामावर मला सगळे ताई म्हणतात. वय एकेचाळीस, धंदा नोकरी, रुग्णवाहिकेवर आपत्कालीन वैद्यकीय सेविका, राहणार रुग्णवाहिका केंद्रामागील कर्मचारी वसाहत. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी व आमचा चालक एका गाडीवर काम करतो. गेल्या मंगळवारी दुपारी, दुकानांच्या पाट्या बसवणारा एक तरुण शिडीवरून पडल्याचा फोन आल्यावरून आम्ही बाजारात पोचलो. हे काम तो व त्याचे वडील मिळून करतात. वडिलांची तक्रार अशी की, आम्ही मुलाला फळीवर घेऊन पट्टे आवळले व त्यात त्याचे पाय गेले, म्हणजे लुळे पडले. त्या वेळी मुलाचे डोके चालकाने धरले होते. चौकशी होईपर्यंत चालकाला कामावर घेत नाहीत.

पोचल्यावर मी आधी शिडी पाहिली. ती पहिल्या मजल्याच्या खिडकीइतकी उंच होती व तिचा पाय सरकलेला होता. खाली फरशी होती. पडलेल्या माणसाला आम्ही मागून हाक मारत नाही, कारण तो मान वळवतो. म्हणून मी समोरून गेले. मुलगा जमिनीवर बसलेला होता. वडिलांनी मागे बसून त्याला छातीशी टेकवून धरले होते. "मी धरलंय त्याला, पडू देणार नाही," असे ते मला म्हणाले. शेजारी पाण्याचा तांब्या होता.

चालकाने गुडघे टेकून मुलाचे डोके दोन्ही हातांत धरले व आम्ही त्याला सावकाश आडवे केले. मी श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, पोट व कंबरेचे हाड तपासले. रक्तस्राव नव्हता. पडण्याआधी चक्कर आली का, शुद्ध गेली का, कशावर आपटलास, असे विचारले. चक्कर नव्हती, शुद्धही गेली नव्हती. तो बसल्यासारखा आपटला होता. एवढ्यात वडील ओरडले, "अहो बाई, पोराचा जीव चाललाय आणि तुम्ही त्याची तोंडी परीक्षा काय घेताय? उचला ना!" मी त्यांना गप्प बसा म्हणाले. जरा तोडूनच म्हणाले. असे ओरडणे आम्हाला रोजचे आहे, पण त्या दिवशी मला राग आला होता हे खरे.

नंतर मी मुलाला डोळे मिटायला सांगितले व त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. कोणता पाय धरलाय ते सांग, असे म्हटले. तो म्हणाला, "धरा ना ताई, मी वाट बघतोय." मी दुसरा धरला. तो वाटच बघत होता. हाताची बोटे मात्र त्याने बरोबर ओळखली. हे चालकाने पाहिले आहे. मानेचा पट्टा, फळी व बाकीचे पट्टे हे सर्व त्यानंतरचे आहे. म्हणजे पट्टे बांधण्यापूर्वीच पाय गेलेले होते.

यावर साहेबांनी विचारले की, मग पाय केव्हा गेले? मला माहीत नाही, असे मी प्रथम सांगितले. ते खरे नाही. आरोप माझ्या एकटीवर असता तर मी तेवढेच सांगून घरी गेले असते. पण चालकाचा यात काडीचाही दोष नाही, म्हणून पुढील मजकूर सांगते.

गाडीत वडील पुढे चालकाजवळ बसले होते व मागे मी आणि मुलगा होतो. पडल्यावर तू काय केलेस, असे मी विचारले. तो म्हणाला, "एक चप्पल उडाली होती. पडल्या पडल्या पायानंच चाचपत होतो." म्हणजे पाय हलत होते का, असे मी पुन्हा विचारले. "हलत होते की. मग बाबांनी काखेत हात घालून उठवून बसवलं, पाणी पाजलं. बसलो आणि कमरेखाली एकदम गारच झालं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, बाबांना यातलं काही बोलू नका. लहानपणापासून मी पडलो की ते असंच उचलतात." मी बोलणार नाही असे कबूल केले.

रुग्णालयाच्या दारात वडिलांनी मला गाठले. "मी उचललं म्हणून काही झालं नाही ना?" असे त्यांनी विचारले. सांगता येत नाही, असे मी म्हणाले. मोडलेल्या मणक्याची सूज वाढून न हलवताही पाय जाऊ शकतात, त्यामुळे ते उत्तर खोटे नव्हते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले व सोडले. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी तक्रार दिली. तिचा मला राग नाही. त्यांना दोष कुठेतरी ठेवायचा होता व जवळ आम्हीच होतो.

यापेक्षा मला जास्त काही सांगायचे नाही. हा जबाब मला वाचून दाखवला. वडील बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत, म्हणून तो दार लावून व हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली होती. तसाच वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व बरोबर आहे.