फोन आधी कोण ठेवतं

इथे रत्नागिरीत माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला शेजारच्या सुलभाकाकू येतात. मुलगा परदेशात, नात इंग्रजीच बोलते, म्हणून. परवा मी फळ्यावर ‘हँग अप’ लिहिलं, म्हणजे फोन ठेवणं, आणि म्हटलं, “पुस्तकातलं नको, घरातलं वाक्य करा.”

काकू उठल्या. “माय सन हँग्स अप. आय नेव्हर हँग अप.”

“नेव्हर? का हो?”

“बाय म्हटल्यावर तो फोन ठेवेपर्यंत मागे नात बडबडत असते. तेवढं ऐकते.”



घरी येऊन मी मालगुंडला आईला फोन लावला. बोलणं संपलं, तरी मुद्दाम ठेवला नाही. पलीकडेही शांत. शेवटी आईच म्हणाली, “अगो, ठेव ना. मी कधी आधी ठेवलाय?”